ज्या सकाळी प्रार्थना झाली नाही

मी नास्तिक कधीच नव्हते. नास्तिक व्हायला निदान थोडा विचार तरी करावा लागतो. मी तेवढेही कष्ट घेतले नव्हते. घरात देव होते, दर वर्षी आईबरोबर रामटेकला जाणं होतं. गडावर रामरायापुढं मी हात जोडायची आणि पायऱ्या उतरेपर्यंत दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी मनात तयार असायची. देव आहे, चांगला आहे, त्याला नमस्कार करावा. पण कामं आपली आपण करावीत आणि किल्ल्या आपल्याच कमरेला असाव्यात, असं माझं साधं धोरण होतं. आई म्हणायची, "तू देवालेही एक दिवस लाइनीत उभं करशील." मी हसून सोडून द्यायची. आई चेष्टेत बोलत नव्हती हे मला फार उशिरा कळलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. नागपूरच्या महाल भागातल्या एका मुलींच्या शाळेत मी पी.टी. शिकवायची आणि गाइडचं पथकही माझ्याकडेच होतं. माझी शिट्टी साऱ्या शाळेत प्रसिद्ध होती. एक लांब शिट्टी वाजली की मुलगी जिथं असेल तिथं उठून सावधान. मग ती डबा खात असो की नाक शिंकरत असो. तुटक तुटक शिट्ट्या म्हणजे धावत येऊन रांग. मुख्याध्यापिका बाई पाहुण्यांना मुद्दाम मैदानावर आणून हे दाखवायच्या, आणि मी वरवर संकोच करून आतून फुलून जायची. तीनशे मुली एका शिट्टीवर दगडासारख्या उभ्या राहतात म्हणजे काय चीज आहे, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मला तर ते पाहून नशाच यायची, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मुलींना चार दिवस जंगलात तंबूत न्यायचं मी ठरवलं. आमच्या शाळेत असं कधी झालं नव्हतं. पारशिवनीच्या पुढं, सागाच्या जंगलात, मालगुजारांच्या काळातला एक जुना तलाव होता. त्याच्या पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, जंगल खात्याची एक झोपडीवजा चौकी आणि तिथं एक चौकीदार; बाकी वस्ती म्हणावी तर पलीकडच्या काठावर ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, दहा-बारा घरं. पालकांनी आधी नन्नाचा पाढा लावला. मुलींनी तंबूत कशाला राहायचं, वाघ आला तर काय, लोक काय म्हणतील. मी एकेकाच्या घरी जाऊन चहा पिऊन आले आणि चोवीस मुली जमवल्या. विद्याचे वडील मात्र स्वतः शाळेत आले. ते सरकारी कचेरीत कारकून होते. विद्या सातवीत, एकुलती एक, आणि तिची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. ते बराच वेळ छत्रीच्या मुठीकडे पाहत बसले आणि मग म्हणाले, "बाई, माझं म्हणाल तर जगात हे एवढंच आहे. हिची आई गेल्यापासून मी हिले गल्लीच्या बाहेर एकटी नाही सोडलं. ती रोज रडून राहिली, म्हणून आलो. तुमच्या भरवशावर पाठवतो."

"अगदी माझ्या भरवशावर पाठवा," मी म्हटलं. हे वाक्य उच्चारताना मला जे समाधान वाटलं होतं, ते आठवलं की आजही कान गरम होतात.

पारशिवनीपर्यंत एस.टी. आणि पुढं दोन बैलबंड्या, अशी आमची स्वारी पोचली. तळं पाहिलं आणि मुली आपोआप गप्प झाल्या; मला शिट्टी वाजवावी लागली नाही. पाऊस चांगला झाला होता, पाणी पाळीच्या वरच्या दगडांना लागलं होतं. पलीकडच्या अर्ध्या भागात शिंगाड्याच्या वेलींचा हिरवा गालिचा पसरला होता आणि त्यात ढिवरांच्या बायका शिंगाडे तोडत फिरत होत्या. त्यांच्याकडे होडी नसते. दोन मोठे मातीचे घडे उपडे घालून त्यांना आडवे बांबू बांधायचे, त्यावर बसायचं आणि पायांनी पाणी मारत हवं तिकडं जायचं. मुलींना ते इतकं आवडलं की दुपारभर त्या घड्यांवर बसण्याचा हट्ट धरून बसल्या. मी अर्थातच नाही म्हटलं. पाण्याची मला लहानपणापासून धास्ती होती. गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझा श्वास अडकायचा. पोहता तर मला येतच नव्हतं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, कारण पी.टी.च्या बाईला पाण्याची भीती वाटते हे कसं सांगणार?

पहिले तीन दिवस घड्याळासारखे गेले. सकाळी साडेसहाला पाळीवर प्रार्थना, मग कवायत, मग मुलींनीच चुलीवर केलेला स्वयंपाक. माझ्याबरोबर लीला नावाची एक तरुण शिक्षिका होती, गाण्याचा गळा असलेली. ती प्रार्थना सुरू करायची आणि चोवीस गळे मागून यायचे. पाण्यावरून तो आवाज दूर जायचा. मी त्या वेळी रांग सरळ आहे की नाही ते पाहत असायची.

चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता शिबिराच्या तपासणीसाठी तपासनीस बाई यायच्या होत्या. उत्तम शिबिराची ढाल मिळण्याची संधी होती आणि मी ती मनातल्या मनात मुख्याध्यापिकांच्या खोलीत भिंतीला टांगूनही टाकली होती. पहाटेपासून मी मुलींना कामाला जुंपलं. तंबूच्या दोऱ्या ताठ करा, चुलीभोवती सडा घाला, भांडी घासून उतरत्या क्रमानं मांडा. साडेसहा झाले तेव्हा लीला म्हणाली, "बाई, प्रार्थना तरी होऊ द्या. पाच मिनिटांचं काम आहे."

"आज राहू दे गं," मी म्हटलं. "देव समजून घेईल. तपासनीस बाई नाही घेणार."

लीला भांडी मांडायला वळली. प्रार्थना झाली नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती चुकल्याचं पुढचे तीन तास आठवलंही नाही.

साडेनऊच्या सुमारास विद्या आणि आणखी दोघी मोठे गंज, म्हणजे स्वयंपाकाची पातेली, घेऊन पाण्यावर गेल्या. काठाच्या चिखलात चौकीदाराचा एक डोंगा, म्हणजे ओंडका कोरून केलेली होडी, अर्धा ओढून ठेवलेला असायचा. त्याच्या टोकावर बसून भांडी घासणं सोयीचं, म्हणून त्या तिघी गंजांसकट त्यात जाऊन बसल्या. घासण्याच्या जोरानं म्हणा, तिघींच्या वजनानं म्हणा, डोंगा हळूहळू चिखलातून सुटला. सकाळचा वारा आमच्या काठावरून आत वाहत होता. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा काठ पन्नासेक हात लांब गेला होता. डोंग्यात एक बांबू होता. विद्यानं तो घेऊन टेकवायचा प्रयत्न केला, पण तळ लागेना.

मी पाळीवर झेंड्याची दोरी तपासत होते. खालून कुणीतरी ओरडलं, "बाई, विद्या चालली!" मी पाहिलं आणि मला जे एकच येत होतं ते मी केलं. शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन एक लांब फुंकर मारली. थांबा, एवढंच मला सांगायचं होतं.

त्या तिघींनी माझं ऐकलं. चार वर्षं मी त्यांना हेच शिकवलं होतं. लांब शिट्टी झाली की जिथं असाल तिथं उठून सावधान. हलत्या डोंग्यात तिघी एकदम ताडकन उभ्या राहिल्या, हात मांडीला लावून, नजर समोर. विद्याच्या हातातला बांबू सुटला आणि तरंगत निघून गेला. डोंगा एका बाजूला कलला, मग दुसऱ्या बाजूला, आणि काठावरून भसाभस पाणी आत शिरलं. तो उलटला नाही एवढंच. तिघी आत कोसळल्या, कंबरभर पाण्यात एकमेकींना घट्ट धरून बसल्या, आणि वारा त्यांना तळ्याच्या मध्याकडे नेऊ लागला. त्यांच्यापैकी एकीलाही पोहता येत नव्हतं.

मी धावत खाली आले. चौकीदार सायकल घेऊन पारशिवनीच्या बाजाराला गेलेला. बाजाराचा दिवस म्हणून ढिवरांची वस्तीही ओस. रोज दिसणाऱ्या बायका त्या दिवशी पाण्यावर नव्हत्या. लीलालाही पोहता येत नव्हतं. मी पाण्यात शिरले, गुडघ्यापर्यंत गेले आणि तिथं माझे पाय गोठले. पुढं पाऊल पडेना. शिट्टी गळ्यात लोंबत होती आणि ती पुन्हा तोंडात धरायची मला भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे द्यायला एकही हुकूम नव्हता. विद्याचे वडील डोळ्यांपुढं आले, छत्रीच्या मुठीकडे पाहत बसलेले. मी मागं सरले आणि काठाच्या चिखलात मटकन बसले. कुठलं स्तोत्र आठवलं नाही, कुठला नवस सुचला नाही. तोंडातून एवढंच निघालं, "रामा, माझ्याच्यानं होत नाही. तुझी लेकरं आहेत, तू पाहा." आणि हे म्हणताना मी काहीही राखून ठेवलं नाही, एवढं मला नक्की आठवतं.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. दोन मिनिटंही असतील. मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, ते पाहा." शिंगाड्यांच्या वेलींतून एक म्हातारी येत होती. दोन घड्यांच्या मध्ये बांबूवर पालथी पडून, पायांनी सपासप पाणी मारत, सरळ डोंग्याच्या दिशेनं. लुगड्याचा काष्टा घट्ट कसलेला, पांढरे केस मोकळे सुटलेले. तिनं लांबूनच हाळी दिली, आणि तो आवाज माझ्या शिट्टीपेक्षा खणखणीत होता.

"पोरीहो, उठू नोका! खाली बसा, हालू नोका!"

मी नकळत शिट्टीकडे हात नेला असावा, कारण ती माझ्यावरही ओरडली, "वं बाई, ते शिट्टी नोको वाजवू आता!"

मी शिट्टी गळ्यातून काढून लीलाच्या हातात दिली.

म्हातारी डोंग्याला येऊन भिडली. तिनं मुलींना आधी रडणं थांबवायला लावलं नाही, धीर दिला नाही, सरळ कामाला लावलं. "गंज आहे नं हातात? मंग पाहून काय राहिल्या? उपसा पानी!" तिघी गंजांनी पाणी उपसू लागल्या. ज्या भांड्यांसाठी त्या तिथं गेल्या होत्या त्याच भांड्यांनी डोंगा हलका होऊ लागला. मग ती मागच्या टोकाला गेली आणि पायांनी पाणी मारत डोंगा काठाकडे ढकलू लागली. वारा समोरून होता. दोन हात पुढं, एक हात मागं, असं चाललं होतं. बाई साठीच्या पुढची होती. काठ तीसेक हातांवर आला तेव्हा ती दमली. डोंगा जागच्या जागी फिरू लागला.

"कोनी तरी पान्यात या!" ती ओरडली. "हात धरून या, एकमेकीचा! तय लागते इथं!"

मी उठले. हे मी माझ्या धैर्याचं कौतुक म्हणून लिहीत नाही; धैर्य माझ्याकडे तेव्हा चिमूटभरही नव्हतं. कुणीतरी सांगितलं आणि मी ऐकलं, एवढंच. माझा हात लीलानं धरला, लीलाचा तिच्या मागच्या मोठ्या मुलीनं, आणि अशी एकवीस मुलींची साखळी पाळीच्या दगडांपर्यंत लागली. कुणी रांग लावली नव्हती. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याशी आलं. श्वास अडकेल म्हणून मी वाट पाहत होते, अडकला नाही. पायांखाली चिखल होता, वेली होत्या, पण तळ होता. मी हात लांब केला आणि डोंग्याचं टोक माझ्या बोटांना लागलं.

पुढचं सारं गोंधळाचं आणि आनंदाचं आहे. साखळीनं आम्हाला मागं ओढलं, डोंगा चिखलात रुतला, विद्या माझ्या गळ्यात पडली आणि चोवीसच्या चोवीस मुली एकदम ओरडू लागल्या. कुणी रडत होतं, कुणी नाचत होतं, एकीनं तर आनंदाच्या भरात झेंडाच उतरवून आणला आणि विद्याच्या अंगाभोवती गुंडाळला. शिबिराची पार दैना झाली होती. चुलीतली भाजी करपली होती आणि उतरत्या क्रमानं मांडलेली भांडी चिखलात पडली होती. मी तो गोंधळ पाहत उभी होते आणि मला तो इतका सुंदर वाटला की काय सांगू. तपासनीस बाई त्या दिवशी आल्याच नाहीत. त्यांची जीप वाटेत कुठंतरी बंद पडली होती, हे आम्हाला मागाहून कळलं.

म्हातारीचं नाव पार्बताबाई. तिला आम्ही चुलीजवळ बसवून चहा दिला. मी तिचे पाय धरायला गेले तर तिनं पाय आखडून घेतले. मी विचारलं, "आज तर सगळे बाजाराला गेले, मग तुम्ही कशा राहिल्या?"

ती थोडी लाजली. म्हणाली, "तीन दिस झाले, सकायी सकायी पोरीयचं गानं आइकू येत होतं पान्यावरून. लय गोड लागे. आज बजाराचा दिस, सारे निंगाले. म्या मनलं, तुमी व्हा पुढं, मी गानं आइकून येते. बसली बसली, तं गानंच नाही. मनलं, असं काहून? पोरी निंगून गेल्या का काय? का कोनी बिमार पडली? जिवाले चैन नाही पडे. म्हून घडे सोडले पान्यात, पाहाले आली."

लीलानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. ती मोठ्या मनाची होती.

मी या गोष्टीचा पुढं अनेकदा विचार केला. त्या सकाळी आम्ही नेहमीसारखी प्रार्थना केली असती, तर पार्बताबाई ती ऐकून तृप्त मनानं बाजाराला निघून गेली असती. मी प्रार्थना टाळली म्हणून ती आली. याचा अर्थ प्रार्थना टाळावी असा कुणी काढू नये. मला एवढंच दिसलं की मी माझ्या गर्वानं जी फट पाडली होती, तिच्यातूनच देव आत आला. माझ्या चांगल्या व्यवस्थेचा त्याला काही उपयोग झाला नाही. माझ्या चुकीचा मात्र त्यानं केला. हा योगायोग होता असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. मी त्या पाण्यात गळ्यापर्यंत उभी होते, माझ्यापुरतं ते पुरेसं आहे. त्या दिवशी दुपारी बारा वाजता, भर उन्हात, ओल्या कपड्यांनी आम्ही प्रार्थना म्हटली. पार्बताबाई पुढ्यात बसून ऐकत होती, आणि रांग कशी होती ते मी पाहिलं नाही.

नागपूरला परत आल्यावर मी विद्याच्या घरी गेले. मुलींना काही बोलू नका असं सांगता आलं असतं, आणि जुनी मी असते तर सांगितलंही असतं. तिच्या वडिलांसमोर बसून मी सगळं सांगितलं. शिट्टीचंही, गुडघाभर पाण्यात गोठल्याचंही. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते आत गेले आणि मला वाटलं, आता आपली शाळा संपली, शिबिरं संपली. ते आले तेव्हा हातात पाण्याचा पेला होता. माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "विद्या आल्यापासून नुसती बोलून राहिली आहे, बाई. दोन वर्षांत या घरात एवढा आवाज नव्हता. मी तर विसरलोच होतो की ही हसते कशी." मग डोळे पुसून ते म्हणाले, "पुढच्या वर्षी तिले परत न्या. फक्त आधी पोहणं शिकवा. आणि राग नका मानू, तुम्हीही शिका."

उन्हाळ्यात तरण तलावावर बायकांसाठी दुपारची एक वेळ राखलेली असायची. आमची पंधरा-सोळा जणींची पलटण तिथं जाऊ लागली. मुली आठवड्याभरात मासोळ्या झाल्या. मी मात्र चौतिसाव्या वर्षी पाण्यात उतरले की हातपाय ताठ करून, मान उंच धरून साऱ्या तलावाला हुकूम देत असल्यासारखी उभी राहायची, आणि अंग टाकलं की दगडासारखी खाली जायची. शिकवणाऱ्या बाईंनी माझा नाद सोडला होता. विद्यानं सोडला नाही. ती रोज तळहात माझ्या पाठीखाली धरायची आणि म्हणायची, "बाई, मान टाका मागं. पाहू नका कुठं आलो ते. मी धरलंय."

एका दुपारी मी खरंच मान टाकली. कान पाण्याखाली गेले आणि जगाचा आवाज बंद झाला. वर नुसतं पांढरंस्वच्छ आकाश होतं. काही सांभाळायचं नव्हतं. तळ्याकाठच्या चिखलात बसून जे म्हटलं होतं, ते पुन्हा मनात आलं, पण या वेळी त्यात रडणं नव्हतं, केवळ आनंद होता. बऱ्याच वेळानं डोळे किलकिले करून पाहिलं, तर विद्या दहा हात लांब, काठाला टेकून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन टाळ्या वाजवत होती. मला धरून ठेवणारा हात कुठंच दिसत नव्हता, आणि मी बुडत नव्हते.